स्टाफसाठीची काउन्सेलिंग सर्व्हिस आठ महिने वापरली, पाचपैकी साडेतीन

आधीच सांगते, मी लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डला स्टाफ नर्स आहे, नऊ वर्षं झाली. त्यामुळे हा रिव्ह्यू त्या वॉर्डातून लिहिलेला आहे, कुणी ऑफिसच्या टेन्शनसाठी अशी सर्व्हिस शोधत असेल तर त्यांनी आपापल्या हिशोबाने वाचावं.

तर झालं असं की आमच्याकडे लागोपाठ चारपाच जणींनी वॉर्ड बदलून मागितला आणि मग मॅनेजमेंटला एकदम जाग आली, बाहेरच्या एका एजन्सीकडून 'स्टाफ सपोर्ट' घेतलं. एजन्सीचं नाव देत नाहीये, कारण एक तर अशा सर्व्हिस सगळीकडे थोड्याफार फरकाने सारख्याच असतात आणि दुसरं म्हणजे मला अजून नोकरी करायचीये. पॅकेजमध्ये चार गोष्टी होत्या: मोबाईलवर एक अ‍ॅप, चोवीस तास फोन लाइन, प्रत्येकीला सहा वन टू वन सेशन, आणि महिन्यातून एकदा ग्रुप. चारही वापरल्यात, ऐकीव काही लिहीत नाहीये.

अ‍ॅपचं पटकन उरकते. उघडलं की पाच चेहरे येतात, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत, त्यातला एक दाबायचा. नोटिफिकेशन यायचं बरोब्बर हँडओव्हरच्या वेळी, म्हणजे मी इकडे पुढच्या शिफ्टवालीला सांगतेय की तीन नंबरच्या बाळाचे प्लेटलेट्स चालू आहेत आणि सात नंबरला मेथोट्रेक्झेट सुरू आहे युरिनचा पीएच दर वेळी बघा सातच्या खाली जाऊ देऊ नका, आणि खिशात फोन थरथरतोय 'आज तुम्हाला कसं वाटतंय?'. श्वासाचा व्यायाम आहे त्यात, चार आकडे श्वास घ्या चार आकडे धरा चार आकडे सोडा चार आकडे थांबा, तो मात्र मी अजूनही करते, औषधाच्या खोलीत उभ्याउभ्या, हात स्थिर होतात हे खरंय. पण सलग किती दिवस अ‍ॅप उघडलं ते पण मोजतात हे लोक, आणि माझ्या सहा नाइट झाल्यावर मेसेज आला की 'तुम्ही स्वतःची काळजी घ्यायला विसरलात'. त्याच दिवशी काढून टाकलं. अजून एक अपराधीपणा मला नको होता, आधीचेच पुरेसे आहेत.

फोन लाइन दोनदा वापरली. पहिल्यांदा एका नाइटनंतर, त्या रात्री एकाच वेळी तीन मुलांना ताप चढला, तिघांचेही काउंट खाली, न्यूट्रोपेनिक. केमोनंतर पांढऱ्या पेशी इतक्या कमी झालेल्या असतात की ताप आला म्हणजे तासाच्या आत अँटिबायोटिक शिरेतून गेलंच पाहिजे, साधं इन्फेक्शन पण काही तासांत सेप्सिस करतं, म्हणजे अंगभर भिनून जीवावर बेततं, आणि आम्ही दोघीच होतो. गेलं वेळेत, तिघांनाही गेलं, कुणाला काही झालं नाही. पण सकाळी जिन्यात बसले आणि उठताच येईना म्हणून फोन लावला. पलीकडची बाई बोलायला खरंच चांगली होती पण पहिला प्रश्न 'न्यूट्रोपेनिया म्हणजे काय हो?'. समजावून सांगण्यात निम्मा कॉल गेला आणि शेवटी मला वाटलं मी हिची ट्रेनिंग घेतेय. शेवटी म्हणाली, तुम्ही तर देवदूत आहात. बायांनो, हा शब्द कुणी शोधून काढला माहीत नाही पण आमच्यासाठी बंद करा. देवदूत दमत नाही, देवदूताला चिडचिड होत नाही, देवदूताचं डबल चेक करताना लक्ष भरकटत नाही. एकदा का तुम्हाला देवदूत म्हटलं की मग 'मला आज त्या मुलाच्या आईचा राग आला' हे कुठल्या तोंडाने सांगणार? दुसऱ्या वेळी केला तेव्हा वेगळी बाई होती, तिने फार काही विचारलं नाही, मी बोलत राहिले ती ऐकत राहिली, ते बरं वाटलं. म्हणजे फोन लाइन कोण उचलतं त्यावर आहे सगळं.

आता वन टू वन, ज्याच्यासाठी खरं तर हे लिहायला घेतलं.

पहिल्या सेशनला एक फॉर्म भरायला दिला, तीस प्रश्न, गेल्या तीस दिवसांत असं किती वेळा वाटलं ते एक ते पाच. त्याला प्रोकोल म्हणतात, मदतीचं काम करणाऱ्या लोकांसाठीच बनवलेला आहे. त्यातून तीन वेगवेगळे स्कोअर निघतात, एक कामातून मिळणाऱ्या समाधानाचा, एक बर्नआउटचा आणि एक दुसऱ्याचं दुःख बघून बघून आपल्यावर होणाऱ्या परिणामाचा. माझं समाधान भरपूर वर निघालं आणि बाकीचे दोन पण चांगलेच वर. मी म्हटलं काहीतरी चुकलंय, परत मोजा. काउन्सेलर मॅडम म्हणाल्या चुकलं नाही, दोन्ही एकत्र असू शकतं, एखादीचं कामावर प्रेम पण असतं आणि तेच काम तिला संपवत पण असतं. हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं, कारण इतकी वर्षं मला वाटायचं की मला त्रास होतोय म्हणजे मी ह्या कामाला लायक नाही, किंवा मला काम आवडतंय म्हणजे त्रास होतोय असं म्हणणं नाटक आहे.

इथपर्यंत छान. मग त्यांनी विचारलं, शेवटचं पेशंट कधी गेलं? आणि माझं डोकं फिरलं. कारण सगळ्यांना हेच वाटतं. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, एजन्सीला, सगळ्यांना, की कॅन्सर वॉर्डच्या नर्सला त्रास होतो तो मुलं जातात म्हणून. होतो, नाही कशाला म्हणू. पण त्या महिन्यात मला झोप लागत नव्हती ती एका चार वर्षांच्या मुलीमुळे, जी छान होती, रिस्पॉन्स चांगला होता, आजही ट्रीटमेंट चालू आहे आणि व्यवस्थित आहे.

तिला पोर्ट आहे, म्हणजे छातीच्या कातडीखाली बसवलेली छोटी डबी, तिच्यात वरून सुई टोचायची आणि औषध सोडायचं. त्या दिवशी ती हलली म्हणून सुई बसली नाही. दुसऱ्यांदा पण नाही. तिसऱ्यांदा आम्ही तिघींनी धरलं, आई बाहेर गेली कारण तिला बघवेना, आणि सुई बसली. काम झालं. मी स्टिकर दिला, तिने घेतला नाही. दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात शिरले तेव्हा तिने मला लांबूनच बघितलं, काही बोलली नाही, रडली पण नाही, नुसती चादर डोक्यावरून ओढून घेतली आणि आत एकदम गप्प पडून राहिली, श्वास पण धरलेला असावा बहुतेक कारण चादर हलत नव्हती. पुढे आठवडाभर रोज हेच. मी बाजूच्या बेडचं सलाइन बदलायला गेले तरी चादर.

हे मी सांगितलं तेव्हा मॅडमनी एक प्रश्न विचारला जो मला अपेक्षित नव्हता. त्या वेळी तुमचे हात कुठे होते?

मी म्हटलं एक हात तिच्या दोन्ही गुडघ्यांवर. दुसरा खांद्यावर, इथे, गळ्याच्या जवळ. आणि सांगतासांगता माझे हात तसे झाले, टेबलावर, दाबल्यासारखे. मग रडले, चांगली दहा मिनिटं. त्यांनी मला टिश्यू पण पुढे केला नाही लगेच, नुसत्या बसून राहिल्या, तेच बरोबर होतं.

ह्याला नाव आहे म्हणे, मॉरल डिस्ट्रेस. अँड्र्यू जेमटन नावाच्या माणसाने १९८४ साली नर्सिंगवर लिहिताना हे मांडलं, की काय करणं बरोबर आहे ते तुम्हाला माहीत असतं पण तुम्ही जिथे काम करता तिथली व्यवस्था ते करू देत नाही, आणि त्यातून जे होतं ते साध्या थकव्यापेक्षा वेगळं असतं. नाव कळून काय होतं म्हणाल तर होतं. कारण मग पुढचा प्रश्न आला की बरोबर काय होतं? आणि ते मला तोंडपाठ होतं. सुन्न करायचं क्रीम पोर्टवर निदान तासभर आधी लावून ठेवायला हवं होतं. आईला बाहेर पाठवायच्या ऐवजी पोरीला तिच्या मांडीवर बसवून, छातीशी धरून सुई घालायला हवी होती, आडवं पाडून दाबून नाही. दोन वेळा चुकल्यावर थांबायला हवं होतं, दुसरी कुणी, किंवा अर्ध्या तासाने. मग का नाही केलं? कारण डॉक्टरांचा राउंड लवकर आला आणि केमो वॉर्डात यायची वेळ ठरलेली आणि क्रीम लावायचं काम कुणाचंच नव्हतं, नाइटवाली म्हणते मॉर्निंगचं, मॉर्निंगवाली म्हणते आम्ही यायच्या आत लावायला हवं.

म्हणजे बघा, मला आठवडाभर झोप नव्हती आणि त्याचं कारण निघालं क्रीम. मॅडमनी इथे जे केलं त्याला मी फुल मार्क देते, त्यांनी मला माइंडफुलनेस वगैरे काही सांगितलं नाही, त्यांनी विचारलं हे कुणाला सांगितलं तर बदलेल, आणि आम्ही बसून चार ओळींचं पत्र लिहिलं इनचार्ज सिस्टरना. आता सकाळी सहाला नाइटची एक जण क्रीम लावते, चार्टवर रकाना आहे त्याचा. दर वेळी होतंच असं नाही, पण होतं. ती पोरगी अजूनही मला बघून खूश होत नाही. चादर मात्र ओढत नाही.

एक गोष्ट खटकली ती पण सांगते नाहीतर जाहिरात वाटेल. तिसऱ्या सेशनला मी विनक्रिस्टिनबद्दल बोलले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे केमोचं औषध आहे, ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरमध्ये, सर्रास वापरतात, शिरेतून दिलं की ठीक, पण चुकून मणक्यातून गेलं तर जवळजवळ नेहमीच जीव जातो. आणि ल्युकेमियाच्या मुलांना मणक्यातून पण औषध द्यावं लागतं, वेगळं, मेथोट्रेक्झेट वगैरे. म्हणजे एकाच मुलाची दोन औषधं, दोन रस्ते, आणि अदलाबदल झाली तर संपलं. जगात असं घडलेलं आहे, एकदा नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये अलर्ट काढला की विनक्रिस्टिन सिरिंजमध्ये भरूच नका, छोट्या सलाइनच्या पिशवीत द्या म्हणजे मणक्याच्या सुईला जोडायचा प्रश्नच येणार नाही. आमच्याकडे पिशवीतच येतं, दोन जणी मोठ्याने वाचून चेक करतो, मणक्याचं औषध वेगळ्या वेळी. सगळं करूनही मी रात्री दोनला उठून बसते की मी ते लेबल खरंच वाचलं की नुसतं तोंडाने म्हटलं.

तर मॅडम म्हणाल्या ही कॅटास्ट्रॉफिक थिंकिंग आहे, म्हणजे मन सगळ्यात वाईट तेच कल्पून घेतं. मी म्हटलं मॅडम मन कल्पना करत नाहीये, औषधाच्या पिशवीवर छापलेलं आहे, दुसऱ्या मार्गाने दिल्यास जीवघेणं. थोडी बाचाबाचीच झाली. पण मान्य करायला हवं, पुढच्या वेळी त्या वाचून आल्या, स्वतःहून म्हणाल्या की माझं चुकलं, तुमची भीती बरोबर जागी आहे फक्त ती चुकीच्या वेळी ड्युटीवर येतेय. मग एक साधी गोष्ट ठरवली, चेक झाल्यावर जोडीदारणीने आणि मी सही करताना एकमेकींकडे बघून 'झालं' म्हणायचं, मोठ्याने. रात्री जाग आली की तिचा चेहरा आठवायचा, लेबल नाही. ऐकायला पोरकट वाटतं. माझ्या बाबतीत आठातल्या सहा रात्री काम करतं.

पण मुद्दा तोच राहतो. लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डचं काम काय असतं हे काउन्सेलरला यायच्या आधी माहीत असायला हवं. पामेला हाइंड्ससारख्या नर्स संशोधकांनी फक्त पीडिअ‍ॅट्रिक ऑन्कॉलॉजीच्या नर्सेससाठी वेगळी स्ट्रेस मोजायची स्केल बनवून बरीच वर्षं झाली. म्हणजे हा स्ट्रेस जनरल नाही हे कुणाला तरी केव्हाच कळलेलं आहे, आमच्या एजन्सीने फक्त ते वाचायचं बाकी होतं.

ग्रुपकडे वळते. सुरुवातीला ह्यांनी ग्रुपच्या नावाखाली जे केलं ते भयंकर होतं. मूल गेलं की दुसऱ्या दिवशी त्या शिफ्टच्या सगळ्यांनी कंपल्सरी यायचं, गोल करून बसायचं, आणि एकेकीने काय झालं काय वाटलं ते सांगायचं. ही पद्धत जुनी आहे, जेफ्री मिचेल नावाच्या माणसाने १९८३ मध्ये फायर ब्रिगेड वगैरे लोकांसाठी मांडलेली, पण नंतरच्या अभ्यासांत असं दिसलं की एकदाच बसवून सगळ्यांना बोलायला लावल्याने पुढचा मानसिक त्रास टळत नाही, काही अभ्यासांत तर लोक जास्त बिघडलेले निघाले. आमच्याकडे पण तेच. एक ज्युनिअर दुसऱ्या वेळेनंतर त्या दिवशी सिक लीव्हच टाकायला लागली. नशीब तिसऱ्या महिन्यात बंद केलं आणि मग महिन्यातून एकदा, यायचं तर या, विषय काहीही, असं केलं. तेव्हापासून ग्रुप चालायला लागला.

त्यातलं एक सांगते, कुणाची ओळख न देता. एका मुलीने, वॉर्डात येऊन दीडच वर्ष झालेलं, सांगितलं की परवा बारा नंबरचा मुलगा गेला आणि मला काहीच वाटलं नाही. मी पंप काढला, लाइन काढली, बोटांवरचा प्रोबचा चिकटा पुसला आणि मनात आलं की आता एक बेड कमी झाला, नाइट हलकी जाईल. आणि मग ती म्हणाली, ताई मी राक्षस झालेय का. कुणी काही बोलेना. मग आमच्यातल्या सगळ्यात सिनिअर सिस्टर, ज्या कधी कुणाला स्वतःबद्दल एक वाक्य सांगत नाहीत, त्या खाली बघून म्हणाल्या, मला पण हलकं वाटायचं. तेवीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा वाटलं होतं, तेव्हा मी पण कुणाला सांगितलं नाही.

मॅडमनी मग बर्नआउटबद्दल सांगितलं की थकणं हा त्याचा फक्त एक भाग. क्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुझन जॅक्सन ह्यांनी १९८१ मध्ये ते मोजायची बावीस प्रश्नांची पद्धत केली त्यात तीन भाग होते, भावनेने रिकामं होणं, समोरचा माणूस वस्तूसारखा वाटायला लागणं, आणि आपण काही कामाचं करत नाही असं वाटणं. दुसरा भाग म्हणजे ही मुलगी सांगतेय तीच गोष्ट, तो स्वभाव नाही, तो फ्यूज उडणं आहे, वायरिंग जळू नये म्हणून. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, २०१९ ला मंजूर झालेल्या, बर्नआउटला आजार म्हटलेलंच नाही, कामाच्या ठिकाणाशी संबंधित गोष्ट म्हटलंय. हे ऐकून सिनिअर सिस्टर म्हणाल्या, मग गोळी कामाच्या ठिकाणाला द्या. आम्ही हसलो, बऱ्याच दिवसांनी.

दुःखाचं पण निघालं त्या दिवशी. एक मूल दोनअडीच वर्षं आमच्याकडे येत जात असतं, ल्युकेमियाची ट्रीटमेंट असतेच तेवढी लांब, दात पडताना आम्ही बघतो, केस गेलेले परत आलेले आम्ही बघतो, पहिली अक्षरं आमच्या चार्टच्या मागच्या बाजूला काढलेली असतात. आणि ते गेलं की दोन तासांत बेड तयार, नवीन अ‍ॅडमिशन, त्याच बेडवर, नवीन आई, रडतेय, तिला पहिल्यापासून सगळं समजावून सांगायचं, हसऱ्या चेहऱ्याने. आपण कोण लागतो त्या मुलाचे? कुणीच नाही. केनेथ डोका ह्यांनी १९८९ मध्ये अशा दुःखाबद्दल लिहिलं, जे करायचा तुम्हाला हक्कच नाही असं लोक धरून चालतात ते दुःख. ग्रुपमध्ये ठरलं की आम्ही निदान एक मिनिट घ्यायचं, बेडपाशी, लाइनी काढायच्या आधी, जे असतील त्यांनी, काही न बोलता. अमेरिकेत जोनाथन बार्टल्स नावाच्या एका नर्सनेच हे सुरू केलं आणि मग ते पसरलं. आमच्याकडे आता डॉक्टर पण थांबतात, म्हणजे बहुतेक. एकजण मोबाईल बघतो, असू दे.

आता तक्रारी, कारण दीड मार्क का कापले ते सांगायला हवं.

पहिली, वेळ. ग्रुप दुपारी दोनला. मॉर्निंगवाल्या हँडओव्हर देत असतात, इव्हिनिंगवाल्या घेत असतात, नाइटवाल्या झोपलेल्या असतात किंवा असायला हव्यात. मग येतं कोण तर जिची सुट्टी आहे ती. स्ट्रेस कमी करायला सुट्टीच्या दिवशी कामावर यायचं. वन टू वनचं पण तेच, चौथ्या सेशनमध्ये मला तीनदा वॉर्डातून फोन आला, एकदा तर पंपची बीप मागे ऐकू येत होती. आणि मी बाहेर बसलेय तेव्हा माझे पेशंट कोण बघतं? जोडीदारीण. म्हणजे माझा स्ट्रेस पंचेचाळीस मिनिटं तिच्या डोक्यावर, ती बिचारी पुढच्या आठवड्यात माझ्या डोक्यावर. लिंडा एकन आणि त्यांच्या टीमचा २००२ चा अभ्यास आहे, मोठ्यांच्या सर्जिकल वॉर्डांचा, त्यात एका नर्समागे एक पेशंट वाढला की बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली दिसली होती. आमची मुलं तर एकेक जण तीन मोठ्यांच्या बरोबरीची असतात. सर्व्हिस घेताना मॅनेजमेंटने एजन्सीचे पैसे मोजले पण त्या पाऊण तासाला एक जास्तीची सिस्टर मोजली नाही, आणि माझ्या मते ती मोजली असती तर अर्धी सर्व्हिस तिथेच वसूल होती.

दुसरी, आणि ही मला माफ होत नाही. बुकिंग नर्सिंग ऑफिसमधून व्हायचं. म्हणजे मी काउन्सेलिंगला जातेय हे काउन्सेलरच्या आधी ऑफिसला माहीत. एकदा भर कॉरिडॉरमध्ये मला विचारलं गेलं, काय मग, कसं चाललंय तुझं काउन्सेलिंग, चांगल्या भावनेने विचारलं असेल पण बाजूला दोन पालक उभे होते, ज्यांच्या मुलीला मी तासाभरात केमो लावणार होते. त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते मला विसरता येत नाही. भांडलो, लेखी दिलं, आता बुकिंग थेट एजन्सीच्या नंबरवर होतं. कुणी आपल्याकडे अशी सर्व्हिस आणत असेल तर हे पहिल्या दिवशी विचारा, बाकी सगळं नंतर.

आणि एक शेवटची गोष्ट जी पॅकेजमध्ये नव्हतीच, पाचव्या सेशनमधून निघाली. मी म्हटलं होतं की मला वाटतं कुणी बरंच होत नाही. मॅडमनी आकडे सांगितले नाहीत, आकडे मला माहीत आहेत, श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या दहापैकी आठाहून जास्त मुलं बरी होतात, गरीब देशांत तीनही नाही, आपण ह्या दोन टोकांच्या मधे कुठेतरी काम करत असलो तरी बरी होणारी पुष्कळ असतात. मग मला ती दिसत का नाहीत? विचार करताना लक्षात आलं की बरं झालेलं मूल वॉर्डात येतच नाही. ते फॉलोअप ओपीडीला जातं, ती वेगळ्या मजल्यावर. वॉर्डात परत येतं ते फक्त रिलॅप्स झालेलं, म्हणजे आजार उलटलेलं. म्हणजे नऊ वर्षं माझ्यासमोरून एक बाजूच जातेय. मग विनंती केली आणि आता आमच्यातली एकेक जण महिन्यातून अर्धा दिवस फॉलोअपला बसते, वजन उंची घ्यायला.

माझ्या पहिल्याच दिवशी एक मुलगा आला, ओठांवर मिसरूड फुटलेली, उंची माझ्यापेक्षा वीतभर जास्त, कानात इअरफोन. मी उंची लिहिली, नाव वाचलं, तरी काही लागेना. मग शर्टाचं वरचं बटण उघडं होतं तिथे पोर्ट काढल्याचा तो छोटा व्रण दिसला आणि फाइलची मागची पानं उलटली तर माझी सही, सात वर्षांपूर्वीची, सगळ्या चार्टवर. त्याने मला अजिबात ओळखलं नाही. बीपी लावलं तर म्हणाला जरा लवकर करा ना, क्लास आहे. मी म्हटलं हो हो, झालंच.

तर मार्क असे: अ‍ॅप शून्य, फोन दोन, वन टू वन साडेचार, ग्रुप आधी शून्य नंतर चार. बेरीज भागाकार करून साडेतीन येत नाही हे मला कळतं, फॉलोअप ओपीडीचे मी माझ्या मनाने मिळवलेत. घ्यायची असेल तर अ‍ॅप सोडून द्या, काउन्सेलरला आधी दोन दिवस वॉर्डात उभं करा, आणि बदली सिस्टर कोण ते लेखी घ्या. माझे सहा सेशन संपलेत, अजून चार मागितलेत, नर्सिंग ऑफिस म्हणतं एजन्सीला विचारा, एजन्सी म्हणते नर्सिंग ऑफिसला. काही कळलं तर इथेच खाली टाकते.